विलंबाचे कारण

उमाठे म्हणाला, लिहा तांत्रिक अडचण.
सगळे तेच लिहितात गुलाबभाऊ,
साहेब वाचत बी नाही.
गोकुळपेठेतली त्याची खोली, हळू फिरणारा पंखा,
स्क्रीनवर रिकामा चौकोन,
वर मथळा: विलंबाचे कारण.
खाली बारीक: पाचशे अक्षरांत.

मी वकिलांचे गाऊन शिवतो.
तीस वर्षं, हायकोर्टाच्या मागच्या रस्त्याला,
काळ्या कापडावर काळा दोरा.
माझ्या टाक्यांच्या आत उभं राहून
लोकांनी लोकांसाठी किती दया मागितली;
मला माझ्यासाठी एक ओळ सुचेना.

तसं रिटर्न मी वेळेत भरलं होतं.
चोवीस जुलै. पावती आहे, मापाच्या वहीत, घडी घालून.
कोणी सांगितलं नाही
की भरलं म्हणजे भरलं नसतं,
मागून एक आकडा येतो, सहा अंकी,
तो घातल्यावाचून ते नुसतं बेतलेलं कापड.
ऑक्टोबरात कागदावर सही करून बंगलोरला पाठवला,
त्यांनी धरलं, आत्ता भरलं.
दंड पाच हजार.
हजारात भागलं असतं,
पण पाच लाखाची रेघ मी एकवीस हजारांनी ओलांडली म्हणे.
आयुष्यात ओलांडलेली एकच रेघ,
तीही न कळता.
पाच हजार म्हणजे सात गाऊनची शिलाई.

आकडा का आला नाही?
आला होता.
रात्री आठ वाजून काही मिनिटांनी,
माझ्या नाही, शालिकच्या फोनवर,
तिकडे मानेवाड्याला.
आधार काढलं त्या वर्षी माझ्याजवळ फोन नव्हता.
रांगेत तो माझ्यामागं उभा, म्हणाला, माझा टाक नंबर.
तेव्हापासून माझ्या आधाराला
धाकटा भाऊ जोडलेला आहे.

आणि आम्ही बोलत नव्हतो.
मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
पोरीच्या साखरपुड्याला त्यानं माझा कूलर नेला,
परत आणला तर आत पंप नाही.
मी विचारलं. तो म्हणाला, होताच कुठी?
साडेतीनशे रुपयांचा पंप.
त्याच्यावरून आईच्या दुखण्यापासूनचं सगळं
आम्ही रस्त्यावर उभं राहून काढलं.

त्या रात्री त्यानं फोन केला. तीन वेळा.
मी मशीनवर होतो. नाव पाहिलं.
पायडल मारत राहिलो.
आकडा दहा मिनिटं जिवंत असतो, हे आता कळलं.
दहा मिनिटं तो हातात घेऊन बसला असेल
काय करावं ते न कळून.

लिहून पाहिलं हे. पाचशेत बसत नाही.
उमाठेनं वाचलं, चष्मा पुसला.
खरं आहे जी, म्हणाला, पण कारण नाही.
मग त्यानंच टाइप केलं: तांत्रिक अडचण, नेटवर्क.
मी म्हटलं, नेटवर्क काढ.
काढलं त्यानं.

बटण दाबलं, तर
माफीच्या अर्जालाही आकडा लागतो.
तो गेला मानेवाड्याला.
उमाठे माझ्याकडं पाहून राहिला,
मी भिंतीवरल्या कॅलेंडरकडं.
नऊ मिनिटं. आठ.
लावला.

पहिल्या घंटीत उचलला.
हॅलो नाही, काही नाही.
चार, शून्य, सात, म्हणाला,
सात, एक, नऊ. लिहिला का?
लिहिला.
वाचून दाखव.
वाचून दाखवला.
मग दोघंही गप्प. कापला मात्र कोणी नाही.
त्याच्याकडं कुकरची शिट्टी झाली, एक,
बऱ्याच वेळानं दुसरी.

अर्ज प्रलंबित आहे.
दंड मी भरून टाकला; माफ झाला तर परत येईल.
पंपाचा विषय अजून कोणी काढला नाही.
उन्हाळ्याला वेळ आहे.